अरबीत अठ्ठ्याऐंशी टक्के

धम्मदीप सरांच्या क्लासमध्ये विषय शिकवत नसत. तसं बाहेरच्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्या प्रताप नगराला ते ठाऊक होतं आणि क्लास चालत होता तो त्यामुळेच. तलाठी असो, वनरक्षक असो की लिपिक, विषय ज्याचा त्याने आपापल्या घरी वाचावा. इथे शिकायचं ते, न वाचलेल्या प्रश्नाचं उत्तर कसं द्यायचं. चार पर्यायांतला सर्वांत लांब पर्याय आधी बघावा, कारण पेपर काढणारा माणूस बरोबर उत्तर नीट, पूर्ण लिहितो आणि चुकीची तीन कशीबशी उरकून टाकतो. ओळखीचा शब्द दिसला की त्याच्यापासून लांब राहावं, कारण तो तिथे फसवायलाच बसवलेला असतो. ही विद्या सरांनी वर्षानुवर्षं घासूनपुसून लखलखीत केली होती आणि तिच्या जोरावर त्यांची कितीतरी पोरं आज सरकारी खुर्च्यांवर बसून लोकांना उद्या या म्हणून सांगत होती.

एका दुपारी पिंकीने हात वर केला. पिंकी तलाठ्याच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसत होती, त्यामुळे शंका विचारण्याचा हक्क तिला आपोआपच मिळाला होता.

"सर, तुम्हाले हे सगळं जमते, कारण तुम्हाले थोडंफार येतेच न! ज्याच्यातलं काहीच येत नाही, त्याच्यात करून दाखवा."

"सांग, कोणता विषय?"

पिंकीने फोनमध्ये शोधाशोध केली आणि तिचा चेहरा उजळला. "हे घ्या. अरबी! शब्द आणि व्याकरण. 'आपलं ज्ञान तपासा' म्हणून लिहून आहे."

सगळा वर्ग बाकं बडवायला लागला. सरांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर परीक्षा लावली. प्रश्न अरबीत, पर्यायही अरबीत. सरांना त्यात रेघा, टिंबं आणि लांबी एवढंच दिसत होतं आणि त्यांना तेवढं पुरे होतं. "हा लांब. हा लांब. हे दोघं एकसारखे, भाऊभाऊ, त्याच्यातला मोठा," असं म्हणत ते भेंडी चिरावी तसे प्रश्न संपवत गेले. शेवटी पडद्यावर हिरवी फीत आली आणि तिच्याखाली आकडा: अठ्ठ्याऐंशी टक्के, उच्च स्तर. खाली प्रमाणपत्रासाठी नाव विचारलं होतं. पिंकीने ते भक्तिभावाने टाईप केलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण नागपुरात माणसाने काही मिळवलं आणि त्याचा फ्लेक्स लागला नाही, असं होत नाही. नगरसेवकाच्या भाच्याचा वाढदिवस चौकात लागतो, तर सरांच्या अठ्ठ्याऐंशी टक्क्यांनी काय पाप केलं होतं? पोरांनी वर्गणी काढली आणि दुसऱ्या दिवशी चौकात दहा फुटांचे धम्मदीप सर उभे राहिले. 'आमचे मार्गदर्शक, अरबी भाषेचे प्रकांड पंडित, यांचे हार्दिक अभिनंदन!' फ्लेक्सवाल्याने आपल्या बुद्धीने मागे एक खजुराचं झाड आणि एक उंट टाकला होता. उंट सरांच्या खांद्यावरून डोकावत होता आणि फोटोत दोघांपैकी तोच जास्त विद्वान दिसत होता.

सरांनी फ्लेक्स पाहिला तेव्हा ते घाबरले नाहीत. चार दिवसांनी त्यावर कुणाचा तरी वाढदिवस चढेल, हे त्यांना माहीत होतं. ते घाबरले ते संध्याकाळी, रामटेकहून सासूबाईंचा, अंजनाबाईंचा फोन आला तेव्हा.

"जावईबापू, तुमचा फोटो आला आमच्याकडं. तुमच्या मामाजीनं सकाळपासून चाय घेतली नाही. फोटोच पाहून राहिले. घ्या, बोला त्याह्यच्याशी."

मामाजी म्हणजे सासरे, गोपाळराव. रामटेकच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेले. घरीदारी ते प्रमाण मराठीच बोलत, भाजीवाल्याशीसुद्धा. नाकावर जाड भिंगाचा चष्मा आणि चष्म्यावरून बघण्याची सवय. त्यांच्या मते परीक्षा म्हणजे सविस्तर उत्तरांची. पर्यायांवर खुणा करणं हे त्यांच्या दृष्टीने भविष्य सांगणाऱ्या पोपटाचं काम होतं.

जावयाचं आणि त्यांचं बिनसलं होतं ते मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमातच. पोह्यांची बशी पुढे करून गोपाळरावांनी सहज विचारलं होतं, "पानिपतच्या पराभवाची कारणं सांगा बरं." आणि तरुण धम्मदीपच्या तोंडून सवयीने निघून गेलं होतं, "पर्याय काय आहेत?"

उत्पलाला तो हसला की छान दिसतो असं वाटलं म्हणून लग्न झालं. पण गोपाळराव ते उत्तर विसरले नाहीत. मुलीशी बोलताना ते जावयाचा उल्लेख 'तुझे क्लासवाले' असा करत. क्लासमधून साठ पोरं नोकरीला लागली, तेव्हा ते फक्त "साठ पोपट" म्हणाले होते. धम्मदीप सर वरवर हसून न्यायचे, पण ते त्यांना लागायचं. वडील लहानपणीच गेलेले. एका मोठ्या माणसाने एकदा पाठीवर हात ठेवून 'शाब्बास' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती आणि ती बायकोलासुद्धा त्यांनी कधी सांगितली नव्हती.

फोनवर गोपाळरावांचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला होता.

"जावईबापू, मी आयुष्यभर फळ्यावर लिहीत आलो. तारीख, कायदा, वकील, हुकूम, खबर, मूळ अरबी. मूळ अरबी, मूळ अरबी! आणि त्या मुळातलं एक अक्षर मला वाचता येत नाही. ते तुम्ही शिकलात. कुणाला न सांगता शिकलात. तुम्हाला ओळखण्यात माझी चूक झाली."

हे वाक्य गोपाळरावांनी याआधी कुणालाही, शिक्षणाधिकाऱ्यालासुद्धा, म्हटलेलं नव्हतं. धम्मदीप सर खरं सांगणार होते. तोंडही उघडलं होतं. पण वीस वर्षांनी मिळालेलं ते कौतुक एक रात्र तरी जवळ ठेवावं, असं त्यांना वाटलं. उद्या सकाळी सांगू, असं त्यांनी ठरवलं.

सकाळी दार वाजलं. दारात गोपाळराव होते. हातात पिशवी, पिशवीत पाटी आणि नवी कोरी पेन्सिल.

"सासरा म्हणून नाही, शिष्य म्हणून आलो आहे," ते म्हणाले. "महिनाभर राहीन. मला अरबी शिकवा."

स्वयंपाकघरात उत्पलाने नवऱ्याला कोपऱ्यात घेतलं. "सांगून टाका न त्याह्यले. काहून लपवून राहिले?"

"तू सांग न वं. तुझे बाबा आहेत."

"मी काहून सांगू? उंटावर मी बसली का तुम्ही?"

मग सरांनी तेच केलं, जे आजवर कुठल्याच विद्यार्थ्याला करू दिलं नव्हतं. ते विषय वाचायला बसले. मोमिनपुऱ्यातल्या पुस्तकाच्या दुकानातून त्यांनी मुलांसाठीचं अरबीचं पहिलं पुस्तक आणलं, फोनवर व्हिडिओ लावले आणि सासरे आंघोळीला गेले की ते स्कूटर पुसायच्या निमित्ताने खाली जाऊन तोंडातल्या तोंडात पाठ करू लागले. वॉचमनने उत्पलाला विचारलं, "ताई, साहेबांची तब्येत बरी हाय न?"

पहिलाच पाठ सासऱ्यांना फार जड गेला. त्यात वाळवंटातल्या प्रवाशांची अर्ध्या पानाची गोष्ट होती. सर व्हिडिओतल्या बाईंनी सांगितलं तसं वाचत, गोपाळराव पाटीवर उतरवून घेत आणि घामाघूम होत. "सुरुवातच फार अवघड आहे हो," ते म्हणत. "अरबीत अवघड आधी घेतात, मामाजी," सर ठोकून देत. आठवड्याने गोपाळरावांनी सहज पुस्तक मागच्या बाजूने उघडलं आणि चष्म्यावरून जावयाकडे पाहिलं.

"जावईबापू, या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मुळाक्षरं आहेत."

अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात हे सरांना माहीत होतं. पण मग पुस्तकही तिकडूनच उघडायचं, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. ते गेला आठवडाभर शेवटचा पाठ शिकवत होते.

"मी पाहून राहिलो होतो," सर शांतपणे म्हणाले, "तुमच्या कधी ध्यानात येते ते."

गोपाळरावांचे डोळे चमकले. "वा! विद्यार्थ्याला स्वतः शोधू द्यायचं! हीच खरी अध्यापनाची रीत. आमच्या शाळेत एकालाही जमली नाही."

तेव्हापासून सरांची प्रत्येक चूक अध्यापनाची रीत ठरत गेली. ते अडखळले की गोपाळराव म्हणत, "मुद्दाम थांबलात ना?" आणि स्वतः उत्तर शोधून देत. पण मधल्या मध्ये एक विचित्रच गोष्ट घडत होती. सरांना अरबी येऊ लागली होती. तीन अक्षरांतून शब्दांचं अख्खं कुटुंब कसं निघतं, हे कळलं त्या दिवशी ते जेवताना वरण वाढून घ्यायचं विसरले. अरबीत द्विवचन आहे हे समजल्यावर गोपाळरावांनी टाळी वाजवली आणि दोघं मिळून घरातल्या वस्तूंची द्विवचनं करत सुटले. दोन घरं, दोन दारं, दोन पुस्तकं. उत्पला चहा घेऊन आली तेव्हा सासरा-जावई एकाच पाटीवर वाकून बसलेले होते. तिने कप खाली ठेवले आणि ती परत गेली. तिच्या लग्नात या दोघांनी फोटोसाठीसुद्धा एवढं जवळ उभं राहणं टाळलं होतं.

आता खरं सांगणं जास्तच कठीण होऊन बसलं होतं. आधी फक्त कौतुक गेलं असतं. आता ही पाटीही गेली असती.

त्यात गोपाळरावांनी एक दिवस जाहीर केलं, "घरी मी तुमचा शिष्य आहेच. आता तुमचा वर्ग कसा चालतो, तेही पाहावं म्हणतो." आणि ते क्लासमध्ये येऊन शेवटच्या बाकावर बसू लागले.

सर फळ्यापाशी उभे राहिले. समोर पोरं, मागे चष्मा. आता लांब पर्यायाची गोष्ट काढली, तर अठ्ठ्याऐंशी टक्के कुठून आले ते मागच्या बाकावर दोन मिनिटांत कळलं असतं. सरांनी खडू उचलला, दोन वेळा खोकले आणि जमीन महसुलाचा कायदा शिकवायला सुरुवात केली. कलमं, कारणं, उदाहरणं. दुसऱ्या दिवशी इतिहास, तिसऱ्या दिवशी भूगोल. पोरांना वाटलं, सरांची तब्येत बिघडली असावी. आठवडा झाला तरी उतार पडेना, तेव्हा पिंकीने त्यांना जिन्यात गाठलं.

"सर, हे काय लावलं तुम्ही? तुम्ही त विषयच शिकवून राहिले!"

"मग? क्लास आहे न?"

"विषय वाचाले काय, आम्ही घरी नाही का वाचत? पोट्टे म्हणून राहिले, सर बदलले. चार जण दुसऱ्या क्लासमध्ये चौकशी करून आले." तिने आवाज खाली आणला. "ते मागं बसते ते आजोबा कोण आहे? सरकारी तपासणी आहे का?"

"त्याच्याहून मोठी आहे," सर म्हणाले.

महिना भरत आला आणि गोपाळरावांनी तो विषय काढलाच. शिकवणी झाली म्हणजे परीक्षा हवी. आणि परीक्षा कोणती? तर जावयाने जी दिली तीच. "पर्यायांची परीक्षा मला मान्य नाही," ते म्हणाले, "पण अरबी येत असल्याशिवाय यात कुणाला अठ्ठ्याऐंशी मिळतील, असं वाटत नाही. आधी तुम्ही द्या. गुरूने करून दाखवावं, मग शिष्य बसेल. तुमच्या वर्गातच होऊ द्या, मुलांनाही बघू द्या."

पिंकीने पडदा लावला. वर्ग गच्च भरला, चौकशी करून आलेले चौघंही पुढे येऊन बसले. उत्पला दाराशी उभी होती. सरांना तशी फारशी काळजी नव्हती. प्रश्न दर वेळी बदलत असले तरी काढणारा तोच होता आणि त्याची सवयही तीच असणार. लांब पर्याय, भाऊभाऊ, मोठा. डोळे मिटूनही ऐंशी कुठे जात नाहीत.

पहिला प्रश्न आला आणि सरांनी तो वाचला.

घात तिथेच झाला. महिन्यापूर्वी जिथे नुसत्या रेघा होत्या, तिथे आता शब्द होते. दुसऱ्या पर्यायात 'कुतुब', म्हणजे पुस्तकं, हा शब्द दिसला आणि सरांचा जीव हरखला. हा तर आपला! जुना मित्र रस्त्यात भेटावा तसे ते त्याच्याकडे गेले. चूक. पुढच्या प्रश्नात द्विवचन दिसलं, मागच्या बाकावरून गोपाळरावांचा पसंतीचा हुंकारही आला, सरांनी त्यावर बोट ठेवलं. चूक. लांब पर्याय समोर दिसत होता, वीस वर्षांचा अनुभव कानात ओरडत होता, पण सरांना त्याचा अर्थ लागत नव्हता. अर्थ न कळलेल्या गोष्टीवर खूण करायला आता त्यांचा हात धजेना. ज्या फसवायला ठेवलेल्या ओळखीच्या शब्दांपासून पोरांना लांब राहायला शिकवलं, त्या प्रत्येकाच्या गळ्यात ते स्वतः जाऊन पडले.

पडद्यावर आकडा आला. एक्केचाळीस टक्के. या खेपेला फीत नव्हती.

गोपाळराव उठले, बाकांमधून चालत पुढे आले आणि चष्म्यावरून त्यांनी आधी पडद्याकडे, मग जावयाकडे पाहिलं.

"तेव्हा अठ्ठ्याऐंशी. आता एक्केचाळीस. हे कसं?"

धम्मदीप सरांनी उत्पलाकडे पाहिलं. तिने 'सांगा' म्हणून मान हलवली. मग त्यांनी सांगून टाकलं.

"मामाजी, तेव्हा मले एक अक्षर येत नव्हतं."

मागून कुणीतरी शिट्टी मारली. बाकं बडवली गेली. "बघ बे!" एक जण दुसऱ्याला म्हणाला, "न वाचता अठ्ठ्याऐंशी, वाचून एक्केचाळीस! सांगत होतो न तुले, काही वाचू नको!" ते चौघं तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. सरांच्या विद्येचा असा धडधडीत पुरावा क्लासच्या इतिहासात कधी मिळाला नव्हता. पिंकी नव्या फ्लेक्सचं बोलू लागली. सरांचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. ते सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत होते.

गोपाळरावांनी पडद्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला.

"अठ्ठ्याऐंशी तुमचे नव्हते," ते म्हणाले. "पण हे एक्केचाळीस तुमचे आहेत. आमच्या शाळेत पस्तीसला पास होत असत." त्यांनी हात उचलला आणि जावयाच्या पाठीवर ठेवला. "पास झालात. शाब्बास!"

सरांनी घाईघाईने फळा पुसायला घेतला. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

मग गोपाळराव स्वतः खुर्चीवर बसले. चष्मा नीट केला, एकेक प्रश्न मोठ्याने वाचला, एकेका पर्यायाची व्युत्पत्ती सांगितली. पोरं कंटाळून निघून गेली, पिंकी तेवढी किल्लीसाठी थांबली. संध्याकाळ झाली तेव्हा निकाल आला. चौतीस टक्के.

घरी येईपर्यंत रस्त्यात गोपाळराव एकदाच बोलले, ते चौकात. फ्लेक्सवर आता कुणाच्या तरी भाच्याचा वाढदिवस चढला होता, फक्त एका कोपऱ्यातून उंटाचं तोंड तेवढं बाहेर दिसत होतं. "हा कशाला हसतो आहे?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना रामटेकला परतायचं होतं. उत्पलाने डब्यात कोथिंबिरीच्या सांबारवड्या भरल्या आणि पिशवीत पाटी ठेवायला ती बाहेरच्या खोलीत गेली, तर दार आतून लोटलेलं. ती तिथेच थांबली.

आत गोपाळराव जावयाचा फोन पुढ्यात घेऊन बसले होते. फोनवर तीच परीक्षा उघडलेली होती. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे पाहिलं आणि घसा साफ केला. चाळीस वर्षांत जे व्याकरण त्यांनी भाजीवाल्यापुढेही सोडलं नव्हतं, ते त्या क्षणी सुटलं.

"जावईबापू, एकाच गुणानं राह्यलो न मी. तुमची ते जे युक्ती आहे... ते मलेही सांगा न जरा."

धम्मदीप सरांनी खुर्ची पुढे ओढली. मुलगी दाखवण्याच्या दिवसापासून ते या प्रश्नाची वाट पाहत होते, पण त्यांना टोमणा मारावासा वाटला नाही. उलट त्यांना आपल्या सासऱ्यांची फार माया आली. त्यांनी फोन नीट समोर धरला.

"सोपं आहे, मामाजी," ते म्हणाले. "आधी चष्मा काढा."